शाईच्या थेंबातलं दुखणं

डोकं पहिल्यांदा दुखलं ते भावाच्या घरी, कानबाईच्या दिवशी. श्रावणातला रविवार होता. धुळ्याजवळचं आमचं गाव, मातीच्या सपाट छताचं, धाब्याचं घर. मधल्या खोलीत चौरंगावर कानबाई देवी बसवलेली, बायका गाणी म्हणत होत्या, आणि मी दाराजवळ, वारा लागेल अशा जागी, तोंडाला फडकं बांधून बसले होते. गर्दीत बसायचं नाही असं मुंबईच्या डॉक्टरांनी बजावलेलं. पण कानबाई वर्षातून एकदाच येते, म्हणून भावाने माझ्यासाठी दाराजवळ वेगळी सतरंजी टाकली होती.

दुखणं फार नव्हतं. कुणीतरी कपाळावर ओली माती थापून ठेवावी आणि ती हळूहळू वाळत जावी, तसं काहीसं. वर धाब्याच्या लाकडी सऱ्यांमध्ये कबुतरं घुमत होती. गाण्याचा सूर आणि त्यांचं घुमणं एकमेकांत मिसळत गेलं आणि मला वाटलं, आपण फार लांबून हे ऐकतोय. भाऊ प्रसादाचा रोट घेऊन आला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला.

"डोकं दुखस का तुन्हं?"

"थोडं. ऊन लागलं असेल," मी म्हटलं.

बाहेर आभाळ होतं. ऊन दोन दिवसांत पडलंच नव्हतं.

माझ्या दोन्ही किडन्या तिशीच्या आतच गेल्या होत्या. पाय सुजायचे, जेवण नकोसं व्हायचं, तोंडाला कायम लोखंडाची चव. जळगावातून मुंबईला डायलिसिससाठी जाणं-येणं सुरू झालं आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुणीतरी किडनी द्यायला हवी. आई-वडील नव्हते. नवऱ्याचा रक्तगट जुळला नाही. भाऊ न विचारता एसटीत बसून मुंबईला आला, तपासण्या करून घेतल्या आणि मला येऊन सांगितलं की त्याची जुळते. एवढंच. नंतर वाटेतल्या एका स्टँडवरची भजी किती तेलकट होती, यावरच तो बराच वेळ बोलत राहिला.

तेव्हा बायका नवऱ्यांना आणि आया मुलांना किडनी देत होत्या. बहिणीसाठी भाऊ आलेला त्या वॉर्डात कुणी पाहिला नव्हता. नर्स त्याला बघायला यायच्या. तो खाटेवर मांडी घालून बसायचा आणि लाजायचा.

वहिनी मात्र त्या सगळ्या काळात काही बोलली नाही. नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. ती जळगावात वाढलेली, मॅट्रिक झालेली, गावातही शुद्धच बोलायची. ऑपरेशननंतर भाऊ घरी परतला तेव्हा त्याला शेतात जड उचलू द्यायची नाही. माझ्याशी वागण्यात कुठे कमी नव्हतं. चहा, ताट, सगळं व्यवस्थित. पण पूर्वी ती माझ्या वेणीला हात घालून थट्टा करायची, ते बंद झालं होतं. दोन वर्षं झाली होती. मी ते समजून होते.

किडनी मिळाल्यावर रोज सकाळी जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या घरात एक काम ठरलेलं असायचं. एक तेलकट, उग्र वासाचं औषध ड्रॉपरने मोजून काचेच्या ग्लासात दुधात मिसळायचं, ढवळायचं आणि श्वास रोखून प्यायचं. हे औषध शरीराला झोपवून ठेवतं, डॉक्टरांनी मला समजावलं होतं. तुमच्या शरीराला कळता कामा नये की ही किडनी दुसऱ्याची आहे. पण पहारेकरी झोपला की चोरसुद्धा आत येतो. म्हणून उकळलेलं पाणी, कच्चं काही नाही, गर्दी नाही, ताप आला तर अंगावर काढायचा नाही.

मला ताप आलाच नाही. आला तो इतका बारीक की थर्मामीटरला कळेना.

जळगावला परत आले तरी डोकं तसंच. इथल्या डॉक्टरांनी आधी सर्दी म्हटलं, मग चष्म्याचा नंबर तपासायला सांगितलं. चष्मा आला. तो लावून मी ओट्यावर बसले तर समोरच्या लिंबाच्या दोन फांद्या एकमेकींपासून सुटून जरा बाजूला सरकल्या. नवरा संध्याकाळी कामावरून, एसटीच्या डेपोतून सायकलवर आला तेव्हा फाटकातून दोघे आत आले. एकाने सायकल लावली, दुसऱ्यानेही लावली. मग दोघे मिळून एक झाले आणि म्हणाले, "काय गं, अशी काय बघतेस?"

मी हसले. मला त्याची भीती वाटली नाही. मला भीती वाटत नव्हती, हेच खरं म्हणजे भीतीचं होतं, पण ते मला नंतर कळलं.

ते दिवस मला आजही एखाद्या गोड झोपेसारखे आठवतात. डोकं दुखायचं, उलटी व्हायची, आणि मधल्या वेळात सगळं मऊ होऊन जायचं. जिनिंग मिलच्या बाजूने कापसाचे बारीक तंतू वाऱ्यावर येत. ते मला पाण्यात बुडालेल्या गवतासारखे हलताना दिसत. स्वयंपाकघरात उभी असताना वाटायचं की जमिनीवरून तापीचं पाणी वाहतंय, फार उथळ, घोट्यापर्यंत, आणि मी त्यात पाय न भिजवता उभी आहे. भाकरी थापताना हात मध्येच थांबायचे. 'परात' हा शब्द मला एकदा सापडेना. मी नवऱ्याला म्हटलं, "ते दे ना, ते गोल, पीठ झोपतं ते."

तो पहिल्यांदा तेव्हा घाबरला.

त्यानेच ठरवलं, धुळ्याला न्यायचं. धुळ्यात एक फिजिशियन होते, पन्नाशीचे. पूर्वी मुंबईत किडनीच्या पेशंटांमध्ये काम केलेले. डेपोतल्या एका ड्रायव्हरने त्यांचं नाव सुचवलं होतं. एसटीत खिडकीशी मला बसवून नवऱ्याने माझं डोकं आपल्या खांद्यावर धरून ठेवलं. रस्त्याच्या कडेच्या केळीच्या बागा मागे जात होत्या. मला वाटत होतं की बागा उभ्याच आहेत, आम्हीच फिरतोय, एका मोठ्या हिरव्या ताटात. पारोळ्याच्या पुढे कुठेतरी मला फिट आली. ती मला आठवत नाही. नवरा सांगतो, कंडक्टरने बेल मारून गाडी थांबवली नाही, उलट ड्रायव्हरला ओरडून सांगितलं की मधे कुठेच थांबू नकोस, आणि गाडी थेट दवाखान्याच्या दारात नेली.

पुढचं बरंचसं मी ऐकलेलं आहे. डॉक्टरांनी मला कुशीवर वळवून, पाठीच्या कण्यातून सुईने पाणी काढलं. ते पाणी स्वच्छ दिसत होतं, पण जोराने बाहेर आलं. नळ अर्धवट उघडावा तसं. डॉक्टर ते खालच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये स्वतः घेऊन गेले. थोड्या वेळाने त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

"या, बघा. तुम्हाला दाखवतो, म्हणजे तुम्हाला पटेल."

काचेच्या पट्टीवर त्या पाण्याचा एक थेंब आणि त्यात काळ्या शाईचा एक थेंब. नवऱ्याने मायक्रोस्कोपला डोळा लावला. हे त्याने मला पुढे इतक्यांदा सांगितलंय की मीच ते पाहिल्यासारखं वाटतं. सगळं काळं. आणि त्या काळ्यात बारीक बारीक गोल, प्रत्येकाभोवती पांढरं खळं, पाऊस येण्याआधी चंद्राला पडतं तसं.

"सुंदर दिसतं हो," तो म्हणाला, आणि मग लगेच त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"सगळ्यांना तसंच वाटतं," डॉक्टर म्हणाले. "ही बुरशी आहे. मेंदूच्या आवरणावर बसली आहे. तुमच्या-माझ्या श्वासातूनही ती जात असते, पण आपलं शरीर तिला टिकू देत नाही. यांचं शरीर आपणच औषधांनी झोपवलंय."

"आली कुठून?"

"मातीत असते. कबुतरांच्या विष्ठेत जास्त असते. घराजवळ कबुतरं आहेत का?"

तोवर भाऊ आणि वहिनी गावाहून पोचले होते. भाऊ दारातच उभा होता. तो म्हणाला, "कबुतरं मन्हा घरमा शेतस. धाबाखाले." आणि भिंतीला टेकून खाली बसला.

डॉक्टर त्याच्याजवळ गेले. "असं धरून चालू नका. कबुतरं स्टँडवर आहेत, स्टेशनवर आहेत, मुंबईच्या त्या हॉस्पिटलच्या खिडकीतसुद्धा होती. ही कुठली, ते कुणीही सांगू शकणार नाही."

खरा प्रश्न पुढे होता. त्या बुरशीवर तेव्हा खात्रीचं औषध एकच होतं. सलाइनमधून, फार सावकाश द्यायचं. आणि ते औषध किडनीला मारक होतं. शिवाय शरीराचा पहारेकरी जरा जागा करावा लागणार होता, म्हणजे रोजची ती दुधातली औषधं कमी करायची, आणि तसं केलं की शरीर भावाच्या किडनीवर उठण्याचा धोका. डॉक्टरांनी फोनवर मुंबईशी बोलून घेतलं आणि मग तिघांना आपल्या खोलीत बसवून हे सगळं सांगितलं. "मेंदू वाचवायचा तर किडनी पणाला लावावी लागेल. तुमची संमती हवी."

नवऱ्याने भावाकडे पाहिलं. नवरा आजही म्हणतो, किडनी त्यांची, मी कसं बोलू?

भाऊ म्हणाला, "डॉक्टर साहेब, माले काय इचारतस? ती आते मन्ही नही, तिन्ही शे. जाई ते जाऊ द्या. बहीन ऱ्हायनी पाहिजे."

तेव्हा वहिनी म्हणाली, "सुरू करा. आजच करा. वेळ कशाला घालवताय?"

मला जे स्वतःचं आठवतं ते थंडीपासून. बाटलीला काळा कागद गुंडाळलेला असायचा, कारण ते औषध उजेडात खराब होतं. त्या काळ्या बाटलीतून थेंब थेंब पिवळं पाणी उतरायचं आणि थोड्या वेळाने माझ्या हाडांच्या आतून थंडी निघायची. दात वाजायचे, खाट वाजायची. बाहेर धुळ्याची दुपार, आग्रा रोडवरून ट्रकांचे हॉर्न, आणि मी तीन गोधड्यांखाली. थंडी उतरली की ताप चढायचा आणि तापात पुन्हा तो मऊपणा. आई यायची. तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण ती यायची, खाटेच्या कडेला कपाशी वेचत बसायची, माझ्या गोधडीवरूनच बोंडं तोडायची. एकदा मी तिला विचारलं, "किती राहिलं?" तिने ओटीतला कापूस मला दाखवला. तो अंधारातही पांढरा दिसत होता.

मी जागी व्हायचे तेव्हा पायथ्याशी वहिनी असायची. थंडी वाजायला लागली की ती माझे दोन्ही पाय आपल्या मांडीवर घेऊन पदराखाली दाबून धरायची. एकदा डॉक्टर आले आणि म्हणाले, "यांना केळी द्या. रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलंय, औषध ओढून नेतंय ते."

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिली. माझ्या किडन्या गेल्या तेव्हापासून मला केळं विषासारखं वर्ज्य होतं. जळगावात राहून, दारावरून केळ्यांचे ट्रक जाताना बघत, मी वर्षानुवर्षं केळ्याला शिवले नव्हते. ऑपरेशननंतर परवानगी मिळाली तरी हात पुढे झाला नव्हता. "नक्की ना डॉक्टर?" तिने दोनदा विचारलं. मग खाली जाऊन केळ्यांची फणी घेऊन आली आणि साल सोलून एकेक चकती माझ्या जिभेवर ठेवत राहिली. ती चव किती मोठी होती, काय सांगू. सगळी खोली तिने भरून गेली.

त्याच आठवड्यात कधीतरी, माझं डोकं जरा निवळलेलं असताना, ती म्हणाली, "ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"ती कुठे असते? नेमकी?"

मला आधी कळेना. मग कळलं. मी तिचा हात धरून उजव्या बाजूला, ओटीपोटाजवळ, टाक्यांच्या रेषेवर ठेवला. तिथे ती लागते हाताला, जरा टणक, मुठीएवढी. वहिनीने हात तसाच ठेवला. बोटं अगदी हलकी, झोपलेल्या मुलाच्या डोक्यावर ठेवतो तशी.

"गरम आहे," ती म्हणाली.

"मला ताप आहे ना."

"तसं नाही." तिने एक बोट टाक्यांच्या रेषेवरून फिरवलं. "तुम्हाला मुंबईला नेलं तेव्हा मला फार राग आला होता. तुमचा नाही. कुणाचा ते कळत नव्हतं. ते परत आले ना, तर रात्री कुशीवर वळले की मी बघायचे, त्या बाजूला खड्डा पडला असेल असं वाटायचं. काही नव्हतं. एक रेघ फक्त. मला वाटायचं, त्यांच्यातलं काहीतरी गेलं आणि कुठे गेलं ते मला कुणी दाखवलंच नाही."

"मग आता?"

"आता बघितलं," ती म्हणाली. डोळे पुसले, उठली, आणि माझी वेणी सोडून विंचरायला घेतली. केस फार गुंतले होते. ती हळूच गुंता सोडवत राहिली, आणि मध्येच एकदा वेणी ओढून म्हणाली, "हे काय, सुतळी झालीय नुसती."

मी रडले, पण ते केस ओढल्यामुळे असं आम्ही दोघी धरून चाललो.

रक्ताचे रिपोर्ट खराब होत गेले. किडनी थकत चालली होती. लघवी कमी झाली, पाय पुन्हा सुजले. डॉक्टर रोज सकाळी कागद बघायचे आणि औषध थोडं पुढे-मागे करायचे. एका सकाळी त्यांनी पुन्हा पाठीतून पाणी काढलं, पुन्हा शाई घातली, आणि वर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं. "फार थोडे गोल उरलेत. आणि जे आहेत ते मेलेले वाटतात. सलाइन आता बंद करू. नवीन गोळ्या निघाल्यात, मुंबईहून मागवल्यात. त्या किडनीला इतक्या जड नाहीत."

सलाइन थांबल्यावर माझी थंडी थांबली. आणि हळूहळू जग परत टणक झालं. खिडकी म्हणजे खिडकी, भिंतीवरचा डाग म्हणजे डाग. आई यायची थांबली. मी दोन दिवस तिची वाट पाहिली, आणि तिसऱ्या दिवशी मला कळलं की ती येणार नाही, आणि मी बरी होतेय. या दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या. हे मी कुणाला सांगितलं नाही. बरं होण्यात दुःख कसलं, असंच कुणीही म्हटलं असतं.

किडनीचं काय होणार, हे कळायला आणखी बराच काळ गेला. ती खाली गेली होती तिथून वर आली, पण पूर्वीच्या जागी नाही. डॉक्टर म्हणाले, "अर्ध्या ताकदीवर चालेल. पण चालेल." भाऊ त्या दिवशी शेतातून थेट आलेला, पायाला काळी माती तशीच. त्याने हे ऐकलं आणि म्हणाला, "अर्धी ते अर्धी. आमना बैल बी म्हातारा व्हयना, तरी नांगर वढस." डॉक्टरांना अहिराणी कळत होती. ते मोठ्याने हसले, आणि मग नवऱ्याला हसू आवरेना.

घरी आले तेव्हा कापसाचा हंगाम होता. शब्द परत आले होते, बहुतेक सगळे. डावीकडे पाहिलं की मात्र एकाचे दोन दिसायचे, ते राहिलंच. डॉक्टर म्हणाले, एक बारीक नस दबली होती, ती कदाचित कधीच पूर्ण सुटणार नाही. मी शिवणाचं मशीन फिरवून घेतलं, म्हणजे कापड समोर यावं आणि डावीकडे बघावं लागू नये. ब्लाउज शिवायला आलेल्या बाया विचारायच्या, मशीन असं तिरकं का. मी सांगायचे, उजेडासाठी.

ती अर्धी किडनी पुढे बरीच वर्षं चालली. ती दमली तोवर डायलिसिसची सोय जळगावातच झाली होती, आणि मी पुन्हा सुईला हात पुढे करायला शिकले. ते वेगळं सगळं.

पण त्या पहिल्या हिवाळ्यातली एक दुपार माझ्याजवळ आहे. भाऊ आणि वहिनी आमच्याकडे राहायला आले होते. जेवणं झाली. नवरा डेपोत गेलेला. भाऊ ओसरीवर उघड्या अंगाने आडवा झाला आणि बघता बघता झोपला, उन्हाकडे पाठ करून. पाठीवरून कमरेकडे वळलेली ती लांब पांढरी रेघ उन्हात चकाकत होती. वहिनी माझ्याशेजारी लसूण सोलत बसली होती. आम्ही दोघी त्याच्याकडे पाहत होतो. त्याचा श्वास संथ चालला होता. बाहेर कुणीतरी बोहारीण भांडी वाजवत चालली होती, आणि तिचा आवाज दूर जात जात नाहीसा झाला.

"घोरतात किती," वहिनी म्हणाली.

"लहानपणापासून," मी म्हटलं.

तिने सोललेला लसूण वाटीत टाकला. मी पण एक गड्डा घेतला आणि सोलायला लागले.